डावीकडून आलेला विचार

आण्णांचं जेवण झालं तसं आईनं त्यांचं ताट उचलून माझ्यासमोर आणून ठेवलं. "बघ," ती म्हणाली. "हे रोजचं हाय."

वांग्याची भाजी पुसून खाल्लेली होती. आमटीची वाटी रिकामी होती. भाताचा ढीग मात्र मधोमध सुरीनं कापावा तसा निम्मा उरला होता, आणि त्याच्या पलीकडची शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, लिंबाची फोड या कशालाच बोट लागलेलं नव्हतं. भाकरीही तशीच होती.

"भाकरी वाढली न्हाईस म्हणून माझ्यावर वरडले," आई म्हणाली. "ताटात असताना. त्रेपन्न वर्सं ही चटणी लागतीया त्यांला. आता माझ्या हातची नको झाली."

मी त्या दिवशी दुपारच्या एसटीनं सांगलीहून आले होते. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवते. निवृत्तीला सात वर्षं उरलीत आणि माझ्या विषयाला यंदा अकरा मुलं आहेत. लग्न केलं नाही, मला भावंडही नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि पुढं साताऱ्यात छोटं घर बांधून राहिले. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालायला लागला. बोलणं मात्र शाबूत राहिलं. जो भेटायला येई तो हेच म्हणे, नशीब, वाचा गेली नाही.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी साताऱ्याची गाडी पकडायची आणि रविवारी संध्याकाळी परत फिरायचं. कराड आलं की माझा डोळा लागायचा आणि कुणीतरी खांदा हलवून म्हणायचं, मॅडम, सातारा. गेल्या दीड महिन्यात मी दमलेय असं मी कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणायचं कुणाला, आई माझ्याहून दमलेली होती.

त्या ताटाकडं मी बराच वेळ बघत राहिले. मग उठून ते अर्धं फिरवलं आणि परत आण्णांच्या समोर नेऊन ठेवलं. चटणी आता उजवीकडं आली.

"आरं, ही कुठं हुती?" आण्णा म्हणाले, आणि त्यांनी उरलेलं सगळं जेवण चाटूनपुसून संपवलं.

आई दारात उभी राहून बघत होती. तिच्या तोंडावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. तो दिसला नाही.

सोमवारी मी रजा टाकली आणि डॉक्टरांना भेटले. वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढेच असतील, आणि डोळ्यांखाली काळं आलेलं. बाहेरच्या बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. मी ताटाची गोष्ट सांगितली तर त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी मेंदूची फिल्म उजेडाच्या काचेवर लावली आणि पेनचं टोक एका डागावर ठेवलं. डाग लिंबाएवढाही नव्हता.

"ही उजवी बाजू," ते म्हणाले. "इथं इजा झाली की कधीकधी डावी बाजू जाते. डोळ्यांनी दिसत नाही असं नाही, डोळे चांगले आहेत त्यांचे. पण डावीकडं काही असतं, हेच त्यांच्या लेखी राहत नाही. त्यांना ते कळतही नाही. आपल्याला काही कमी पडतंय असं वाटावं लागतं ना? तेच वाटत नाही."

मी पंचवीस वर्षं पोरांना शिकवत आले की घोडा शेतात उभा असतो, पण 'घोडा' ही संकल्पना कुठंच उभी नसते. दरवर्षी मागच्या बाकावरून एखादी मुलगी विचारते, मग ती असते कुठं, मॅडम? मेंदूत का? आणि दरवर्षी मी म्हणते, मेंदू उघडला तर आत घोडा सापडेल का? वर्ग हसतो, तास संपतो. हे उत्तर मला चांगलं जमलेलं होतं.

"म्हणजे 'डावीकडं' ही कल्पना या डागात होती?" मी डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "इथं इजा झाली आणि ते गेलं, एवढं खरं. पण म्हणून ते इथंच ठेवलेलं होतं असं मला म्हणता येणार नाही. नदीवरचा पूल पडला की अलीकडच्या गावचा बाजार बंद पडतो. पण बाजार काही पुलावर भरत नव्हता."

"मग कुठं भरत होता?"

"ते तुम्ही शिकवता ना?" ते म्हणाले. यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच वाटलं असावं की मला माहीत असेल. मग त्यांनी घरी काय करायचं ते सांगितलं. बोलताना, देताना-घेताना त्यांच्या डावीकडून जायचं, म्हणजे त्यांना तिकडं शोधायची सवय लागेल. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर मात्र उजवीकडं यायचं.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. तिच्या वडिलांचं आमच्याच पेठेत बांगड्यांचं दुकान. डोक्यावरची ओढणी मागं खोचून ती कामाला लागायची आणि आण्णांना सुभेदारसाहेब म्हणायची.

"हवालदार," आण्णा म्हणायचे. "सुभेदार न्हवं."

ही दुरुस्ती ते चाळीस वर्षं करत आलेत. साताऱ्यात कुणीही निवृत्त फौजी दिसला की माणसं मानानं त्याला एक पायरी वर चढवतात. बाकीचे ते चालवून घेतात. आण्णांनी कधी चालवून घेतलं नाही.

त्या संध्याकाळी त्या मुलीनं त्यांना वॉकर धरून उभं केलं आणि म्हणाली, "आता डावीकडं वळा बरं." आण्णा जागचे हलले नाहीत. तिनं दोनदा सांगितलं. आण्णा रंगरुटांना परेड शिकवणारे उस्ताद होते हे मला आठवलं. मी म्हटलं, "आण्णा, तुम्हीच हुकूम द्या."

त्यांनी मान ताठ केली. "बाएँ... मुड!"

आवाज असा निघाला की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. आणि हुकूम देऊन आण्णा उजवीकडं वळले. पाय ओढत थोडं वळले, थांबले, पुन्हा वळले, भिंतीला पाठ केली, तरी उजवीकडंच वळत राहिले. तीन पाव गिरक्या घेऊन अखेर जिथं पोचायचं तिथं पोचले. घामानं निथळले होते.

"आलो का न्हाई?" ते म्हणाले.

"आलात," मी म्हटलं.

फौजेत हजारो पोरांना ज्यांनी डावं-उजवं शिकवलं, त्यांचं हे झालेलं बघून मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला खाली बसावंसं वाटलं, एवढंच.

ती मुलगी गेल्यावर मी त्यांना एक प्रश्न विचारला. आमच्या मूळ गावात एक सरळ गल्ली आहे, वेशीपासून देवळापर्यंत. "आण्णा, डोळे मिटा. तुम्ही वेशीत उभे आहात, तोंड देवळाकडं. कोणाकोणाची घरं दिसतात?"

त्यांनी डोळे मिटले. "शिंप्याचं घर. मग पिठाची गिरणी. मग त्या अत्तरवाल्याचं दुकान, त्येच्या फुडं चिच. मग देऊळ." थांबले. "संपलं."

सगळं उजव्या बाजूचं. डावीकडची शाळा, तालीम, आमचं स्वतःचं घर, काहीच नाही.

"आता देवळाच्या पायरीवर उभे राहा. तोंड वेशीकडं."

"तालीम," ते लगेच म्हणाले. "आपलं घर. घरापुढं तुझ्या आजीनं लावलेली जास्वंद. शाळा. शाळंची घंटा." आणि गिरणी, शिंपी, चिंच सगळं गेलं.

डोळे मिटून मनात बघितलेल्या गल्लीलाही डावी बाजू नव्हती. तरीही गल्ली त्यांच्यात अख्खीच्या अख्खी होती, एक दगड हललेला नव्हता. मग त्यांच्यातलं नेमकं काय गेलं होतं? मी हे सगळं उत्साहानं आईला सांगायला गेले. ती स्वयंपाकघराच्या दारातून ऐकतच होती.

"गिरणी आठवती," ती म्हणाली. "चिच आठवती. मी रोज उशाशी बसते, ती तेवडी दिसत न्हाई."

"अगं आई, तू डावीकडं बसतेस."

आण्णांची खाट बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेली होती. निजल्यावर भिंत त्यांच्या उजव्या हाताला यायची, आणि घर, दार, माणसं सगळी डावीकडं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. आण्णा दिवसभर त्या कॅलेंडरकडं बघत पडलेले असायचे.

"मग मी बोलले की तोंड फिरवत्यात ते?" आई म्हणाली. "बोलले की मुद्दाम भित्तीकडं तोंड करत्यात. ते डागानं व्हय?"

"आवाज आला की ते माणूस शोधतात, आणि त्यांना शोधायला एकच बाजू उरलीय. म्हणून भिंतीकडं बघतात."

आईला ते पटलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही मागच्या पायरीवर मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा तिनं खाली मान घालून सांगितलं, "ते मला माफ करायचं न्हाईत."

"कशाबद्दल?"

तिनं हातातली जुडी निवडून संपवली. मग सांगायला लागली. दवाखान्यातून आण्णांना घरी आणलं त्या आठवड्यात तिला वाटलं होतं की हे आता जाणार. म्हणून एका दुपारी उशाशी बसून तिनं त्यांना एक गोष्ट सांगून टाकली, चाळीस वर्षांपूर्वीची. सांगून होईतो त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं, ते शेवटपर्यंत वळवलं नाही.

गोष्ट अशी होती. मी तेव्हा पाचवीत होते. आजी अंथरुणाला खिळलेली, घरी म्हैस, दोन एकर रान, आणि सगळ्याला एकटी आई. आण्णांचं आसामातून पत्र आलं की नायब सुभेदारीसाठी नाव लागलंय, आणखी चार वर्षं राहावं लागेल. आई जेमतेम शिकलेली. तिनं स्वतः बसून उत्तर लिहिलं, की पोरीला फिट येतात, डॉक्टर म्हणतो बाप जवळ पाहिजे.

"कोणत्या पोरीला?" मी विचारलं. दुसरी पोरगीच नव्हती घरात.

"तुला," आई म्हणाली. "मी लय कटाळले हुते गं. चार वर्सं आनी निगाली नसती माझ्यानं. मला वाटलं, येतील, मग सांगीन खोटं हुतं म्हणून. आले, आन तुला मांडीवर घेऊन बसले. मग सांगवंना."

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. आण्णा सुभेदारी सोडून पेन्शनवर आले त्या वर्षी मला मिरजेला नेलं होतं, कशासाठी ते मला कुणी सांगितलं नाही. डोक्याला चिकट काहीतरी लावून वायरी जोडल्या होत्या आणि यंत्रातून कागद सरकत बाहेर येत होता. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही. आण्णा म्हणाले, दिसत नसलं तरी असंल. केसांतला तो चिकटा आठवडाभर निघाला नाही. त्यानंतर मला विहिरीवर जायला बंदी, सायकलला बंदी, शाळेच्या सहलीला बंदी. जत्रेत जाताना आण्णांच्या खिशात कांदा असायचा. फिट आली तर हुंगवायला घेतात तो. मला वाटायचं, फौजेतली काहीतरी सवय असेल.

"आणि ती दोन स्थळं?" मी विचारलं. माझं लग्न दोनदा ठरत आलं होतं आणि दोनदा काही न सांगता माणसं परत फिरली होती.

आई रडत नव्हती. ती मेथीच निवडत होती. "ह्यांनी त्यांला सांगितलं, लहानपणी फिट यायच्या, आता न्हाईत. लपवून पोरगी द्याची न्हाई म्हणाले. मी चुलीम्होरं हुते. मला ऐकू येत हुतं."

"आणि तू गप्प बसलीस."

"व्हय," ती म्हणाली. "गप बसले."

माणसाला राग यायलाही अंगात थोडं त्राण लागतं. माझ्यात ते नव्हतं. मी उठले, मेथी धुतली, चहा टाकला. संध्याकाळच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसले तेव्हा एकच गोष्ट मनात फिरत होती. ती फिट माझ्या मेंदूत एक क्षणही कधी नव्हती. यंत्राच्या कागदावर ती उमटली नाही, कारण उमटायला ती मुळात नव्हतीच. पण आण्णांच्या डोक्यात ती चाळीस वर्षं नांदली. माझी सायकल, माझी विहीर, ती दोन घरं, आण्णांची सुभेदारी, सगळं तिनं नेलं. एवढं करणारी वस्तू नाही म्हणायची का? वर्गात मी विचारते तसा मी स्वतःला प्रश्न विचारला आणि उत्तर न देता झोपी गेले.

पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा आई बाजारात गेली होती. आण्णा खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या उजवीकडं स्टूल ओढलं. ते माझ्याकडं टक लावून बघत राहिले.

"तुला एक सांगू?" ते म्हणाले. "कुणाला सांगू नगंस. माझ्या डोक्यात एक घाण इचार आलाय. जात न्हाई."

"कसला?"

"एका दुपारी पडलो हुतो. घरात कोन न्हवतं. म्होरं भित. आन मनात आलं, की तुला फिट कवा आलीच न्हवती. तुझ्या आईनं मला बोलवून घ्याया खोटं लिवलं हुतं." त्यांनी आवाज खाली आणला. "कुनाला ठावं कुठनं आलं. आजवर तसं कवा वाटलं न्हाई मला. तिनं एवडं काढलं, माझ्या आईचं केलं, आता माझं हागनंमुतनं काढती, आन माझ्या मनात तिच्याबद्दल हे निपजावं?"

मी स्टूल आणखी जवळ ओढलं. "कसा आला विचार, आण्णा? शब्दांत आला का?"

"शब्दांतच की. तेबी तिच्याच आवाजात." त्यांनी मान खाली घातली. "लाज वाटती गं. डाक्टरला सांग, आवशीद बदलाय पायजे. डोकं नासलंय माझं."

आता मला सगळं लख्ख कळलं. आई डावीकडं बसून बोलली होती. आण्णांनी आवाज ऐकला, माणूस शोधला, उजवीकडं भिंत आणि कॅलेंडर. बोलणारं कुणी नाही म्हटल्यावर ते बोलणं त्यांनी आपल्याच मनात ठेवून घेतलं. इतके दिवस ते दुसऱ्याचा कबुलीजबाब स्वतःचं पाप म्हणून सांभाळत होते. आणि त्या डावीकडं, हातभर अंतरावर, आई आपल्याला माफी नाही म्हणून झुरत होती.

आण्णांना तिथल्या तिथं सांगावं असं मला फार वाटलं. पण ते माझं सांगणं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "डोकं नासलेलं नाही आण्णा. थोडं थांबा."

आई पिशवी घेऊन आली तशी तिला मी मागच्या दारी नेलं. "आई, तू बोललीस ते त्यांना पोचलंय. पण तू बोललीस, हे पोचलेलं नाही."

तिला ते समजावायला मला दोनतीनदा सांगावं लागलं. समजलं तेव्हा ती पायरीवर बसली. मला वाटलं ती म्हणेल, मग राहू दे तसंच. तिला ते सहज करता आलं असतं. डॉक्टरांनी एखादी गोळी दिली असती, आण्णांनी तो विचार गिळून टाकला असता, आणि आमच्या तिघांचं उरलेलं आयुष्य निघून गेलं असतं. मला त्या वेळी तेही चाललं असतं, इतकी मी थकले होते.

"म्हंजे ते सोताला दोस देत बसल्यात?" आईनं विचारलं.

"हो."

ती उठली. "खाट वढू लाग."

आम्ही दोघींनी खाट भिंतीपासून ओढली. कॅलेंडरखाली एक माणूस बसेल एवढी जागा झाली. मी आण्णांना आधार देऊन निजवलं, आणि आई पदर खोचून त्या फटीत स्टुलावर बसली. आण्णांनी सवयीनं भिंतीकडं मान वळवली, तर समोर ती.

"अगं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "हुतीस कुठं? हल्ली दिसतच न्हाईस."

आईला तिथंच हुंदका आला. पण तिनं सांगितलं. पत्र, फिट, ती दोन स्थळं, सगळं, त्याच क्रमानं. मी दाराशी उभी होते. तिनं कुठंही स्वतःची बाजू घेतली नाही. कंटाळले होते, एवढं एकदाच म्हणाली.

आण्णांनी तिचं तोंड नीट न्याहाळलं. मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हंजे ते माझ्या डोक्यातलं न्हवतं," ते म्हणाले. "तू बोलली हुतीस."

"व्हय."

"मला वाटलं मी याडा झालो." त्यांनी डोळे मिटले. खांदे सैल पडले. मी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका बघितली, दुसरं काही नाही. बाकीचं त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धा तास गेला असेल. मग त्यांनी मला हाक मारली.

"त्या दोन घरांला मी सांगितलं हुतं. माझ्या तोंडानं."

"तुम्हाला खरं वाटत होतं, आण्णा."

"वाटत हुतं," ते म्हणाले. "पर न्हवतं." आणि त्यांनी आईला सांगितलं, "जा तू. हितनं जा."

पाच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मी सांगलीला परतले होते. व्यायामाची मुलगी सकाळ-संध्याकाळ येऊन त्यांचं जेवण, उठणं-बसणं बघायची. आईचा रोज फोन यायचा. "बोलत न्हाईत. मी उजवीकडंच बसते. माझ्याकडं बघत्यात, आन बोलत न्हाईत." तिच्या आवाजात दुःख होतं, पण पूर्वीची ती घुसमट नव्हती. तिला ठाऊक होतं की हे खरं आहे आणि कशाबद्दल आहे. सहाव्या दिवशी आण्णांना न्हाणीकडं जायचं होतं आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी हाक मारली. ती गेली. त्यानंतर ते बोलायला लागले, आधी कामापुरतं, मग हवापाण्याचं. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, तिनंही विचारलं नाही. दिवाळीपर्यंत ते वॉकर घेऊन कोपऱ्यापर्यंत जायला लागले. डावीकडचं अजून चुकतं, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, पण माणूस तिकडून बोललं तर थोडं थांबून त्यांची मान वळते.

माझा राग उशिरा आला. एका मंगळवारी विश्रामबागेत भाजी घेताना एक मुलगी सायकलवरून शेजारून गेली, दहा-अकरा वर्षांची, वेणी उडत होती. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि आईला फोन लावला.

"त्यांना सांगितलंस," मी म्हटलं. "मरतील म्हणून का होईना, सांगितलंस. मला चाळीस वर्षांत का नाही सांगितलंस?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. "तुला काय तोंडानं सांगू?" आई म्हणाली. "तू पुस्तकं वाचत बसायचीस. मला वाटायचं, हिचं बरं चाललंय. मग वाटायचं, बरं चाललंय असं मीच ठरवून बसलीया."

मी खूप बोलले. पन्नाशी उलटून गेलेली बाई भर बाजारात पायरीवर बसून आईशी भांडत होती आणि माणसं बघून पुढं जात होती. आईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मी गप्प झाले तेव्हा ती म्हणाली, "झालं? का आनी हाय?"

"आणखी आहे," मी म्हटलं. "पण आत्ता नाही."

"बरं. हाय तवर बोल. मी ऐकती."

त्या शुक्रवारी मी घरी फोन करून सांगितलं की उद्या येत नाही. कारण दिलं नाही. फोन आण्णांनी घेतला होता.

"आजारी हाईस का?" त्यांनी विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाले, "न्हाई. आजारी न्हाईस तू. दमली असशील."

"हो आण्णा. दमले."

"मग झोप. आमी हाय हितं दोघं."

शनिवारी सकाळी मी दाराला आतून कडी घातली, पंखा लावला आणि दुपारचे दोन वाजेपर्यंत झोपले.